वयात येणारी मुले, एक आसामी चित्रपट आणि आपण

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना शेवटचा भाग नव्याने जोडला आहे.)



मेळाव्यात मी एका चित्रपटावर बोलणार असे जाहीर झाले, तेव्हा मागच्या रांगांत थोडी कुजबुज झाली. ती मला व्यासपीठावर ऐकू आली. तिचा मला राग नाही. शाळेच्या कार्यक्रमात सिनेमाचे काय काम, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविकच आहे. शिवाय मी चित्रपटकलेचा जाणकारही नव्हे. बी. ए., बी. एड. झालेला, नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु गेल्या उन्हाळी सुट्टीत एका मित्राच्या घरी, संगणकाच्या पडद्यावर, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत वाचत मी एक आसामी चित्रपट पाहिला, आणि तेव्हापासून वर्गात हजेरी घेताना तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो का जात नाही, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

चित्रपटाचे नाव ‘बुलबुल कॅन सिंग’. म्हणजे, बुलबुल गाऊ शकते. २०१८ सालचा आहे. पंधरा वर्षांची बुलबुल, तिची मैत्रीण बोनी आणि या दोघींचा मित्र सुमन, अशा तिघांची ही गोष्ट. मुले मोठी कशी होतात, एवढाच तिचा विषय.

आता ‘मोठे होणे’ या शब्दांपाशीच थोडे थांबू या. आपल्याकडे मुलाबद्दल म्हणतात, पोरगा हाताशी आला. म्हणजे दुकानात बसेल, शेतावर जाईल, चार पैसे आणील, बापाचा भार हलका करील. मुलीबद्दल म्हणतात, पोरगी वयात आली. आणि हे म्हणताना आवाज खाली येतो. काही घरांत ‘सयानी झाली’ म्हणतात. तेथेही आवाज खालीच येतो. मुलाच्या मोठे होण्यात घराला आधार दिसतो आणि मुलीच्या मोठे होण्यात काळजी. मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे, तेव्हा ही काळजी मला परकी नाही. पण मुलगे आणि मुली बरोबरीने, एकमेकांचे सोबती म्हणून मोठे होतात, या गोष्टीसाठी आपल्या बोलण्यात शब्द नाही. ज्या गोष्टीला शब्द नाही ती डोळ्यांना लवकर दिसत नाही. हा चित्रपट ती दाखवतो.

ज्यांनी तो काढला त्या रीमा दास यांच्याविषयी चार शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण आपल्या मुलामुलींना तेही ऐकण्यासारखे आहे. आसामात कामरूप जिल्ह्यात छयगाव आहे. त्याच्या जवळचे कलारदिया हे त्यांचे गाव. त्या शिक्षकाची मुलगी. समाजशास्त्रात एम. ए. करण्यासाठी त्या आपल्या पुणे विद्यापीठात आल्या. पुढे अभिनेत्री व्हावे म्हणून मुंबईला गेल्या, नाटकांत कामे केली. अभिनेत्री म्हणून नाव झाले नाही. चित्रपट कसा काढतात याचे शिक्षण त्यांनी कोणत्याही संस्थेत घेतलेले नाही. जगातले चांगले चित्रपट पाहत गेल्या आणि पाहता पाहता शिकल्या. मग कॅमेरा घेऊन आपल्या गावी परत गेल्या.

तेथे त्यांनी जे केले ते ऐकून आपणांस नवल वाटेल. ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ हा त्यांचा चित्रपट. गावातली गरीब मुले थर्मोकोलची गिटार करून गाण्याचा खेळ खेळतात. त्यांतली धुनू नावाची मुलगी खरी गिटार घ्यायची म्हणून पैसे जमवते. या चित्रपटाला ना मोठा निर्माता होता, ना तंत्रज्ञांचा ताफा, ना दिव्यांचे ट्रक. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, छायाचित्रण, संकलन, सारे एकाच बाईने केले. कॅमेरादेखील सिनेमाचा नव्हे. लग्नकार्यात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तसल्या फोटोच्या कॅमेऱ्यावरच चित्रण केले. ध्वनिमुद्रणाला मल्लिका दास ही चुलत बहीण. नट म्हणजे गावातलीच मुले, आणि घरे, कपडे, शेते, पूर हे सारे गावाचे खरेखुरे. मुलांची शाळा, पाऊस, पुराचे पाणी यांचा कल पाहून तीन-चार वर्षे हे काम चालले. २०१८ साली त्याला देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी हा मान आसामी भाषेला जाह्नू बरुआ यांच्या १९८७ सालच्या चित्रपटाने मिळवून दिला होता; म्हणजे मध्ये तीस वर्षे गेली. बालकलाकाराचा पुरस्कार धुनूचे काम करणाऱ्या भनिता दासला मिळाला आणि ध्वनिमुद्रणाचा त्या मल्लिकेला. त्या वर्षी ऑस्कर स्पर्धेसाठी भारताने पाठवलेला चित्रपट हाच.

प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही, अनुदान वेळेवर येत नाही, अशी तक्रार आपण शिक्षक वारंवार करतो. ती खरीही असते. मीही करतो. त्या दिवशी मात्र मला थोडी लाज वाटली.

या पहिल्या चित्रपटातील एक प्रसंग सांगून मी मूळ विषयाकडे येतो. धुनू वयात येते. रीतीप्रमाणे समारंभ होतो. मग गावातल्या वडीलधाऱ्या बायका तिच्या आईला बोल लावतात की, एवढी थोरली पोर अजून मुलांबरोबर झाडावर चढते, हे शोभते काय? आई विधवा आहे, गरीब आहे, मोलमजुरी करते. ती खाली मान घालील असे आपल्याला वाटते. ती घालत नाही. ती मुलीची बाजू घेऊन त्या बायकांना उत्तर देते. आणि धुनू पुन्हा झाडावर दिसते. त्या मुलीचे सारे आयुष्य त्या एका उत्तरावर तरले आहे, हे पाहताना आपल्या ध्यानातही येत नाही. ते माझ्या ध्यानात आले दुसरा चित्रपट पाहिल्यावर, कारण तेथे मुलींच्या वतीने उत्तर देणारे वेळेवर कोणी उभे राहत नाही.

‘बुलबुल कॅन सिंग’ही त्याच मुलखातला, तशाच थोडक्या साधनांत काढलेला. येथेही लेखिका, दिग्दर्शिका, छायाचित्रकार आणि संकलक एकच. काम करणारी मुले त्याच भागातली, पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर न उभी राहिलेली : बुलबुल झालेली अर्णाली दास, बोनी झालेली बनिता ठाकुरिया, सुमन झालेला मनोरंजन दास. ती अभिनय करीत आहेत असे क्षणभरही वाटत नाही. आपल्याच शाळेच्या फाटकातून बाहेर पडणारी मुले वाटतात. चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला, २०१९ साली बर्लिनला परीक्षकांनी त्याचा खास उल्लेख केला, आणि आसामी भाषेतील उत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

पहिला अर्धा भाग म्हणजे केवळ मुलांचे जगणे. शेते, पाणी, झाडे, पाऊस, शाळा. आसामात पुष्कळ शाळांत वरच्या वर्गातील मुलींचा गणवेश मेखला-चादर हाच असतो. काल फ्रॉक घालून चिखलात खेळणारी मुलगी आज अंगभर चादर सावरीत शाळेत निघते. तिचे वय बदलल्याची वर्दी तिच्या आधी तिचा गणवेश देतो. बुलबुलच्या बापाला गाण्याचे वेड. मुलीने मोठी गायिका व्हावे ही त्याची हौस. पण चार माणसांसमोर उभी राहिली की तिचा आवाज अडतो. आपल्या स्नेहसंमेलनात असली मुलगी दर वर्षी असते. घरी छान म्हणते, आणि येथे ध्वनिक्षेपकासमोर आली की ओठ हलतात, आवाज फुटत नाही. आपण म्हणतो, तयारी कमी पडली. तयारी पुष्कळ असते. तिच्याकडे बघणारे डोळे कालपर्यंत वेगळे होते आणि आज वेगळे झाले आहेत, हे तिला कळलेले असते.

आणि तो सुमन. सुमनविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे, आणि येथे समोर बसलेल्या पुरुष शिक्षकांनी मला क्षमा करावी. सुमन हा नाजूक चालीचा, हळुवार बोलणारा मुलगा. मुलींमध्ये रमतो. शाळेतली मुले त्याला ‘लेडीज’ म्हणून चिडवतात. बुलबुल आणि बोनी त्याला तसे म्हणत नाहीत, म्हणून तो त्यांचा. आपल्याकडे यासाठी ‘बायल्या’ हा शब्द आहे, आणि तो केवळ पोरे वापरतात असे नव्हे. शिक्षकांच्या खोलीतही तो वापरला जातो. मी स्वतः एकदा कवायतीच्या तासाला एका मुलाच्या धावण्यावर शेरा मारला आणि सारा वर्ग हसला. वर्ग हसला म्हणून मलाही बरे वाटले. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून कवायतीला पोटदुखीची चिठ्ठी आणू लागला. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले, त्यांच्यासारखे नेसावे-वागावे म्हणून घरोघरच्या स्त्रिया धडपडल्या, त्याच महाराष्ट्रातली ही गोष्ट. रंगमंचावर जे आपल्याला दिव्य वाटते ते पटांगणावर का खपत नाही, याचा मी विचार केला नव्हता. सुमनने करायला लावला.

मग ती घटना घडते. बुलबुलला एक मुलगा आवडू लागलेला असतो, बोनीलाही एक. चोरून भेटणे, चिठ्ठ्या, लाजणे, जे त्या वयात होते ते. एके दिवशी ही मुले गावाबाहेर एका आडवळणी जागी बसलेली असताना काही माणसे त्यांना गाठतात. ही माणसे त्यांची नातलग नव्हेत, पोलीस नव्हेत. गावाच्या नीतीची राखण आपल्याकडे आहे असे त्यांनी आपले आपणच ठरवलेले आहे. ती मुलामुलींना मारतात, आणि मारतानाचे चित्रण मोबाइलवर करतात. मित्रहो, हा प्रसंग पाहवत नाही. यात सिनेमातल्या मारामारीसारखे काहीच नाही. मोठमोठे पुरुष लहान मुलांना मारीत आहेत, एवढेच आहे, आणि कॅमेरा दुसरीकडे बघत नाही.

बातमी शाळेत पोहोचते, आणि शाळा मुलींना काढून टाकते.

यानंतर बोनी जीव देते.

मी हे तीन वाक्यांत सांगितले, कारण चित्रपटातही त्याचे भांडवल केलेले नाही. उरलेला सगळा वेळ मागे राहिलेल्यांचा आहे. बुलबुल आहे, तिचे न बोलणे आहे, सुमन आहे. तिघांतले एक गेले म्हणजे दोन उरत नाहीत. जी मैत्री होती तीच उरत नाही. हा भाग काही प्रेक्षकांना संथ वाटेल. माझ्या मित्राला वाटला. तो मध्येच चहा करायला उठला. मी उठलो नाही, कारण माझे मन मागच्या एका दृश्यापाशी अडकले होते. शाळा मुलींना काढून टाकते, तेथे.

त्या टोळक्याचा संताप कोणालाही येईल. ते सोपे आहे, कारण आपण त्या टोळक्यात नाही. पण शाळेत आपण आहोत. मार खाऊन आलेल्या मुलीला शाळेने विचारायला हवे होते की, बाळ, तुला लागले आहे काय? शाळेने तिला दार दाखवले. म्हणजे टोळक्याने जी शिक्षा अर्धवट दिली होती ती शाळेने पुरी केली. मारणाऱ्यांना मात्र कोणी कोठून काढून टाकले नाही.

या बाबतीत कायदा काय म्हणतो हे पालकांना ठाऊक असावे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे सोळावे कलम सांगते की, प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. सतरावे कलम अंगावर हात टाकण्यास आणि मानसिक छळास मनाई करते. फार चांगला कायदा आहे. परंतु तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, पहिली ते आठवीचा. बुलबुल पंधरा वर्षांची आहे. ज्या वयात मुलाकडून खरोखर चूक होण्याचा संभव असतो, आणि ज्या वयात चूक नसतानाही बोट दाखवले जाते, नेमके त्या वयाच्या उंबरठ्यावर त्या कलमाचे छत्र संपते. नववीपासून पुढे मुलगी आपल्या म्हणजे शिक्षकांच्या भरवशावर असते.

मराठीत या वयाची सर्वांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. कादंबरी २००४ सालची. तिच्यावर सुजय डहाके यांनी चित्रपटही काढला. तीही नववीची, तीही मित्रांची, आणीबाणीच्या काळातली. आपण ती वाचताना हसतो, हळहळतो, आपले दिवस आठवतो. ती गोष्ट मुलगा सांगतो. मुलाचे मन दुखावते, आणि तो दहावीत जातो. बुलबुलची गोष्ट पाहिल्यावर मी ‘शाळा’ पुन्हा वाचली, आणि या खेपेस शिरोडकरची बाजू कोणी लिहिली असती तर ती कशी झाली असती, हा विचार काही केल्या मनातून जाईना. यात बोकीलांना दोष नाही. माझ्या वाचण्यात एवढी वर्षे एक रकाना कोरा राहिला होता.

आता काही सहकारी मला म्हणतील, आणि मेळाव्यानंतर एकांनी म्हटलेही, की सर, चित्रपट काढणाऱ्यांना बोलायला काय जाते? शाळा आपल्याला चालवायची आहे. एका मुलीवर बोभाटा झाला आणि आपण काही केले नाही, तर दुसऱ्या दिवशी दहा पालक आपापल्या मुली काढून घरी बसवतील. मोठ्या मिनतवारीने ज्या घरांतून मुली शाळेत आणल्या, ती घरे पुन्हा दार लावून घेतील. एकीसाठी दहाजणींचे नुकसान करायचे काय?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांनी घरोघर फिरून, बापांच्या हातापाया पडून मुलींचे वर्ग भरले आहेत, त्यांची ही भीती आहे. आणि ती भीती पुस्तकी नाही. पण मला एवढेच विचारावयाचे आहे की, एकीला काढल्याने त्या दहाजणींना काय कळते? त्यांना कळते की उद्या रस्त्यात आपल्याला कोणी अडवले, फोटो काढला, धमकावले, तर ही गोष्ट शाळेत सांगावयाची नाही. बाईंना नाही, सरांना नाही, कोणालाच नाही. त्या वर्गात राहतात, परंतु त्या दिवसापासून आपल्याशी खरे बोलत नाहीत. पट भरलेला असतो, आणि आपण निर्धास्त असतो.

पालकहो, आपल्यालाही एक विनंती आहे. कोणी येऊन आपल्या मुलीबद्दल काही सांगितले, तर आधी सांगणाऱ्याला विचारा की, तू तेथे काय करीत होतास? मग मुलीला विचारा. तिच्या आईने विचारावे, एकान्तात विचारावे, आणि हात पाठीमागे बांधून विचारावे.

मेळाव्यातले माझे भाषण येथे संपले. टाळ्याही झाल्या. पण घरी जाताना मला ठाऊक होते की, मी अर्धेच बोललो आहे. उरलेले आता लिहितो. समोर माणसे नसली म्हणजे लिहिणे सोपे जाते.

नोकरीला लागून मला दुसरे वर्ष होते. दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या एका शाळेत नववीचा वर्गशिक्षक होतो. माझ्या वर्गातली एक मुलगी एस. टी. स्टँडच्या मागे एका मुलाशी बोलत असताना कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला. दोन दिवसांत तो गावभर फिरला. फोटोत काय होते? दोन मुले उभी आहेत, मुलीच्या हातात वही आहे. एवढेच होते. कार्यालयात बैठक झाली. कोणी ओरडले नाही, कोणी मुलीला वाईट शब्द बोलले नाही. तिच्या वडिलांना बोलावून समजुतीने सांगण्यात आले की, आपणच अर्ज करा, म्हणजे मुलीच्या कागदावर डाग राहणार नाही. ते सायकल दुरुस्तीचे दुकान चालवीत. त्यांनी अर्जावर सही केली. माझे अक्षर चांगले म्हणून दाखला मला लिहायला दिला. शाळा सोडल्याचे कारण : पालकांच्या अर्जावरून.

त्या बैठकीत मी एक शब्दही बोललो नाही. नोकरी कायम व्हायची होती. तिला कोणी काही विचारले नाही. तिचा वर्गशिक्षक असून मीही नाही. ती दप्तर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिच्यासमोरून दोनदा गेलो.

चित्रपट पाहिल्यावर सुट्टी संपायच्या आत मी त्या गावी जाऊन आलो. दुकान अजून तेथेच आहे. वडील थकले आहेत, पण त्यांनी मला लगेच ओळखले. “सर, बसा,” म्हणाले, आणि पोराला चहा आणायला पिटाळले. मी चाचरत मुलीची चौकशी केली. तिचे त्याच वर्षी लग्न ठरले. दुसऱ्या तालुक्यात दिली. दोन मुले आहेत. बरी आहे. मग मी म्हणालो की, दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, फॉर्म मी भरून देईन, पुस्तके देईन, अभ्यासाचे बघू. फक्त त्याला मूळ दाखला लागतो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. हातातला पाना खाली ठेवला. “विचारतो तिला,” म्हणाले. “घरच्यांचंही बघावं लागेल.” मग आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. “दाखला आहे, सर. तेव्हा दिलात तसाच आहे. कुठे दाखवायची पाळीच आली नाही.”

घडीवर कागद थोडा पिवळा पडला होता. शाई अजून काळीभोर होती. मी माझेच अक्षर वाचीत खाली आलो. नाव, जन्मतारीख, अक्षरी जन्मतारीख, इयत्ता, अभ्यासातील प्रगती. त्याच्या पुढचा रकाना वर्तणुकीचा. त्यात मी लिहिले होते : चांगली.